टेबलावर न येणारी धडधड

निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या बायका मला अधूनमधून विचारतात, "तुम्ही हॉस्पिटलात नक्की काय करायचात हो?" डॉक्टर होतात का? नाही. मग सिस्टर? तेही नाही. "नीट चाललेलं हृदय मी मुद्दाम बिघडवायचे," असं मी सांगते. त्यावर बहुतेक जणी "अच्छा" म्हणून भाजीच्या पिशव्या उचलतात. एकीने मात्र तोंडावर विचारलं होतं, "आणि त्याचा पगार मिळायचा?" मिळायचा. वेळेवर मिळायचा.

यात खोटं काहीच नाही. पुण्यातल्याच एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून हृदयात तारा घालतात त्या खोलीत, मी तंत्रज्ञ होते. ज्यांचं हृदय मधूनच, काही कारण नसताना, सुसाट पळायला लागतं अशी माणसं आमच्याकडे यायची. हृदयाला स्वतःची वीज असते. ती वरच्या कप्प्यात तयार होते, ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यात उतरते आणि एक ठोका पडतो. काही जणांच्या हृदयात मात्र जन्मापासून एखादी जादा वाट असते. पेठेतले दोन बोळ मागच्या अंगाला एकमेकांना मिळालेले असतात ना, तशी. एरवी तिचा काही त्रास नसतो. कधीतरी एखादा ठोका अवेळी पडतो, वीज एका बोळातून खाली जाते, दुसऱ्यातून वर येते आणि तिथेच गरगर फिरत बसते. माणूस आपला चहा पीत असतो आणि छातीत एकदम मशीन सुरू होतं. मग जसं आलं तसंच, बटण दाबल्यासारखं, थांबतं.

आणि इथेच सगळा घोळ होतो. धडधड थांबली की त्या माणसासारखा धडधाकट माणूस नाही. धावपळ करून दवाखान्यात पोचेपर्यंत कार्डिओग्राम एकदम स्वच्छ. "टेन्शन घेऊ नका," डॉक्टर सांगतात. पुरुषांना एकदोनदा सांगतात. बायकांना वर्षानुवर्षं सांगतात.

म्हणून आमच्याकडे उलटा कारभार. रोग्याला टेबलावर झोपवायचं, जांघेत बधिर करायचं आणि तिथल्या शिरेतून बारीक तारा थेट हृदयात न्यायच्या. रोगी जागा असतो, बोलत असतो. मी काचेपलीकडे माझ्या यंत्रावर बसून त्या तारांमधून हृदयाला नाजूक विजेच्या टिचक्या द्यायचे. एक, दोन, मग एखादी मुद्दाम लवकर. मधला वेळ थोडा थोडा कमी करत जायचं. कुठल्या तरी टिचकीला वीज त्या जादा बोळात फसते आणि पडद्यावरच्या रेघा धावत सुटतात. रोगी म्हणतो, "अगं आई गं, हेच, हेच!" आणि आम्ही सगळे खूश. आजार आल्यावर आनंद होणारी जगातली ही एकच खोली असेल. एकदा तो आला की वाट नेमकी कुठे आहे ते सापडतं. मग तारेचं टोक तापवून साबुदाण्याएवढी जागा जाळायची, की बोळ बंद.

माझे वडील बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. लोक रेडिओ घेऊन यायचे, "अहो, घरी खरखर करतो," आणि दुकानात लावला की तो एखाद्या गुणी मुलासारखा गायचा. शेजारचे दुकानदार हसायचे. बाबांनी मात्र कुठल्याही गिऱ्हाइकाला "याला काही झालेलं नाही" असं सांगून परत पाठवलं नाही. "राहू द्या इथे," म्हणायचे आणि रेडिओ फळीवर चालू ठेवायचे, खरखर होईपर्यंत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले ती त्यांच्यामुळे, आणि हृदयांच्या नादी लागले तरी मनाने मी त्या फळीपाशीच बसलेली असायचे.

माणसं एकेक यायची. हडपसरचे एक तात्या आठवतात. शेतीचे प्लॉट झालेले, बोटाबोटात अंगठ्या, सोबत गाडीभर माणसं. टेबलावर झोपल्या झोपल्या त्यांनी मला बजावलं, "ओ ताई, करंट सोडायच्या आधी सांगा बरं का. मोटरीला हात लावायच्या आधी म्या बी वरडून इचारतो." मी म्हटलं, "तात्या, आता तापवतोय." त्यावर त्यांनी "सोडाऽऽ" अशी जी आरोळी ठोकली, तिने बाहेर बसलेली गाडीभर माणसं उभी राहिली. जादा वाट जळल्यावर म्हणाले, "ती मला बाटलीत घालून द्या. माझ्या मेव्हण्याला मुतखडा दिला होता." बाटलीत घालण्यासारखं काही नसतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. हातात दाखवायला काही नाही म्हणजे आपण त्यांना फसवलं, अशा नजरेनेच ते घरी गेले.

एक संगणकवाला मुलगा मनगटावरचं घड्याळ काढायलाच तयार नव्हता. त्याची धडधड त्या घड्याळानेच पकडली होती; "मॅम, माय वॉच नोज," एवढंच म्हणायचा. काढलं शेवटी, पण सिस्टरच्या हातात देताना त्याचे डोळे भरून आले होते.

पण मला सांगायचं आहे ते सुमनताईंबद्दल. नाव बदललं आहे, नवऱ्याचंही.

सुमनताई बिबवेवाडीच्या. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. ब्लाउज शिवण्यात हात असा बसलेला, की लग्नसराईत बायका धनकवडीहून यायच्या. धडधड त्यांना तरुणपणापासून होती, पन्नाशीनंतर वाढली. गिऱ्हाईक ट्रायलला उभं आहे, तोंडात टाचण्या आहेत, आणि छातीत सुरू. टाचण्या बाहेर काढून खाली बसायच्या. एकदा कात्री हातात असताना झालं आणि कुणाची तरी पैठणीची किनार गेली. त्या दिवसापासून त्यांनी मशीनवर चादर टाकली. जवळच्या डॉक्टरांनी धडधड आवरायची एक गोळी चालू केली होती. तिने झटके कमी झाले, पण बंद झाले नाहीत, आणि सबंध दिवस अंगात शिसं भरल्यासारखं वाटायचं.

त्यांचे यजमान विनायकराव. सरकारी कचेरीतून निवृत्त, उंच, सडपातळ, बोलणं जेवढ्यास तेवढं आणि तेही बोचरं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करायचे ते डॉक्टर, सुमनताईंना सगळं खोदून विचारत होते. कशी सुरू होते, कशी थांबते, गळ्यात उडतं का. मी रिपोर्ट लावत तिथेच उभी होते. विनायकराव मधेच म्हणाले, "डॉक्टर, हिला काही झालेलं नाही. हिला फक्त प्रेक्षक लागतात."

सुमनताई हसल्या. इतक्या वर्षांत सवयीचं झालेलं हसू होतं ते. मला मात्र त्या माणसाचा असा राग आला की हातातला कागद चुरगळला.

सरांनी निदान ऐकीव माहितीवरच केलं, कारण कार्डिओग्राममध्ये झटका कधीच सापडला नव्हता. टेबलावर घेऊन बघू, आला तर तिथेच बंद करू, असं ठरलं. त्याआधी पाच दिवस ती गोळी पूर्ण बंद ठेवायची होती. गोळी अंगात असेल तर हृदय शांत राहतं आणि आम्ही कितीही टिचक्या मारल्या तरी ते दाद देत नाही. हे मी दोघांनाही समजावून सांगितलं. विनायकरावांनी विचारलं, "आणि त्या पाच दिवसांत काही झालं तर?" मी म्हटलं, "झटका येईल, थांबेल. जास्त वेळ राहिला तर इथे या." ते मान हलवून गेले.

ठरल्या दिवशी सकाळी सुमनताई टेबलावर आल्या. तारा आत गेल्या. मी सुरुवात केली. हृदयाने माझी प्रत्येक टिचकी झेलली आणि पुन्हा आपल्या तालात चालू लागलं. मी वेग वाढवला, अंतर कमी केलं, जागा बदलली. काही नाही. असं होतं कधीकधी. मग ठोके वाढवणारं औषध सलाइनमधून सोडतात, त्याने हृदय चिडतं आणि लपलेलं बाहेर येतं. ते सोडलं.

आतून सुमनताईंचा आवाज आला. "ताई, आली का हो?"

"अजून नाही. दम धरा."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

मला माइकमधून "नाही" म्हणवेना. एवढी वर्षं लोकांना मी आजार कधी जाणार असं विचारताना ऐकलं होतं. ही बाई तो यावा म्हणून जीव टांगून पडली होती. आज तो आला नाही, तर घरी जाऊन त्या काय सांगणार होत्या? पुढची सगळी वर्षं "मोठ्या हॉस्पिटलातही काही निघालं नाही" हे ऐकायचं. शिवणयंत्रावरची चादर तशीच.

सर पडद्याकडे बघत होते. औषधाचा वेग दोनदा वाढवून झाला होता, तरी ठोके जेमतेम वाढले होते. त्या औषधाने खरं तर हृदयाने जिना चढल्यासारखं पळायला हवं. सर म्हणाले, "हे चिडतच नाहीये. गोळी पोटात आहे." मग सुमनताईंच्या डोक्याशी गेले. "काकू, गोळी बंद केली होती ना?"

"हो. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून."

"चुकून एखादी?"

"नाही हो."

"भीती वाटून घेतली असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

एव्हाना मीही आत गेले होते. सुमनताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्ही पण?" एवढंच म्हणाल्या.

खरं सांगते, मलाही त्या क्षणी वाटलं होतं की यांनी घेतली असणार. त्या वाक्याने मी हलले. अंगावरचा, क्ष-किरण अडवणारा शिशाचा एप्रन तसाच ठेवून मी बाहेर गेले. त्या एप्रनने आयुष्यभर पाठीची वाट लावली, पण त्या दिवशी त्याचं वजन जाणवलं नाही.

विनायकराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. मला बघून ताडकन उभे राहिले. "झालं?"

"नाही झालं. धडधड येतच नाहीये. सर म्हणतात गोळी चालू होती. त्या म्हणतात घेतली नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती खोटं बोलत नाही. तिने घेतलेली नाही."

"मग?"

"मी संध्याकाळी तिला गुळवेलीचा काढा करून देतो. कडू असतो. त्यात काय कुटून घातलंय ते कळत नाही."

"तुम्ही गोळी घालत होतात? कालसुद्धा?"

"कालसुद्धा."

"अहो, पण मी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंत. पहिल्या दिवशी नव्हती घातली. दुपारी भांडी घासताना तिला आली. ओट्याला धरून उभी राहिली, मला हाक नाही मारली. मी दारातून बघत होतो. गळ्यातली शीर उडताना लांबून दिसते ती. आणखी चार दिवस नसतं बघवलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही तर म्हणता त्यांना काही झालेलं नाही."

"ते तिला म्हणतो," विनायकराव म्हणाले. "घरात दोघंही घाबरलेली असली तर कुकर कोण लावणार?"

पुणेरी माणसाचा मला पुष्कळ अनुभव आहे, मी स्वतः तीच आहे. पण काळजी लपवायला कुणी इतकी वर्षं बायकोची चेष्टा करेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. राग गेला असं म्हणत नाही. राग होता तसाच होता, फक्त आता तो ठेवायचा कुठे ते समजेना.

मी आत आले, सरांना सांगितलं. सरांनी डोक्याला हात लावला आणि मग हसू दाबायला तोंड फिरवलं. सुमनताईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या डोक्याशी वाकले. "सुमनताई, तुमचं बरोबर होतं. गोळी तुम्ही घेतली नाहीत. काढ्यात होती."

"कुठल्या काढ्यात?"

"गुळवेलीच्या. यजमान घालत होते. तुम्हाला काही होईल म्हणून घाबरले."

त्या वर छताच्या दिव्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता संतापतील, आणि संतापायचा त्यांना हक्क होता. तारा उपसून काढायच्या होत्या, जांघ दाबून धरायची होती, दिवसभर पाय न हलवता पडून राहायचं होतं आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं होतं. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं?"

"काय?"

"मला खरंच काहीतरी होतंय ते?"

"हो," मी म्हटलं. "गळ्यातली शीर लांबून दिसते, म्हणाले."

सुमनताईंच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. हात बांधलेले, पुसताही येईना. सिस्टरने पुसलं. मग त्या हसायला लागल्या. सर ओरडले, "काकू, हलू नका, तारा आहेत!" तरी त्या हसतच होत्या. "पुन्हा टोचा," म्हणाल्या. "दहा वेळा टोचा. आता मला काही नाही."

पुढच्या खेपेला सुमनताई आदल्या आठवड्यात बहिणीकडे राहायला गेल्या. ही अट सरांची. विनायकराव रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे, रिकाम्या हाताने. बहिणीने दारातच पिशवी तपासायला सुरुवात केली होती, असं नंतर कळलं.

त्या दिवशी मी यंत्रावर बसले तेव्हा माझेच ठोके वाढले होते. पहिल्या काही टिचक्या हृदयाने झेलल्या. मग मी एक जरा लवकर दिली, आणि पडद्यावरच्या रेघा एकदम एकमेकींना खेटून पळायला लागल्या. आतून आवाज आला, "हीच! ताई, हीच ती!" माझा जीव भांड्यात पडला. सर, सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, सगळे पडद्याला नाक लावून उभे. सुमनताई धापा टाकत म्हणाल्या, "आज प्रेक्षक भरपूर आहेत."

जागा अवघड नव्हती, पण जवळच मुख्य वाट होती. ती दुखावली तर आयुष्यभराचा पेसमेकर. सर केसभर केसभर टोक सरकवत होते, मी प्रत्येक ठोका मोठ्याने सांगत होते. तापवलं, थांबलो, पुन्हा तापवलं. मग अर्धा तास वाट बघायची, हा आमचा नियम. बोळ नुसता दबलेला असेल तर तेवढ्यात पुन्हा उघडतो. या अर्ध्या तासात आमच्याकडे कुणी "झालं" म्हणत नाही. सर फळीवरच्या बाटल्या सरळ करतात, सिस्टर उगाच पट्ट्या मोजतात. अर्ध्या तासाने मी पुन्हा सगळ्या टिचक्या दिल्या, औषध सोडून दिल्या. या वेळी औषधाने हृदय मस्त पळालं, पण आपल्या ठरलेल्या वाटेने. बोळात कुणी शिरलं नाही.

सर बाहेर जाऊन विनायकरावांना म्हणाले, "काका, आजार खरा होता. आणि गेला."

"खरा होता ते मला माहीत आहे," विनायकराव म्हणाले. "गेला ते नक्की ना, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी घरी जाताना सुमनताई चालत लिफ्टपर्यंत आल्या. विनायकराव म्हणाले, "चाकाची खुर्ची मागवू का?" त्या म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही." त्यावर त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

नोकरीत अशी माणसं पुन्हा भेटत नाहीत. बरा झालेला माणूस आमच्याकडे कशाला येईल? त्याचं वाईट वाटायचं नसतं. तरी निवृत्त झाल्यावर भाचीच्या लग्नाचं ब्लाउज शिवायचं निघालं, तेव्हा मी मुद्दाम रिक्षा करून बिबवेवाडीला गेले. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. मशीनवर चादर नव्हती. दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या, आणि कोपऱ्यात चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन विनायकराव एका ब्लाउजला हूक लावत होते.

सुमनताईंनी मला लगेच ओळखलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून डोळ्यांनीच हसल्या आणि टेप घेऊन मापं घ्यायला लागल्या. मी म्हटलं, "सुमनताई, दंडाचं माप जरा सैल वाटतंय का हे? पुन्हा बघता?"

विनायकरावांनी मान वर न करता म्हटलं, "ती सांगते ते बरोबर असतं. दंड सरळ ठेवा."

मी दंड सरळ ठेवला.